काचेची पानं, मेणाची अळंबी: केंब्रिज ते न्यूयॉर्क

संग्रहालयांतली वनस्पती आणि अळंबीची मॉडेल्स पाहायचा मार्ग असा: बोस्टनला लागून असलेलं केंब्रिज, तिथून ऑल्बनी, मग कॉर्निंग आणि शेवटी न्यूयॉर्क. एकूण हजार किलोमीटरच्या आसपास, तेही गाडीनंच, कारण कॉर्निंगला प्रवासी रेल्वे जात नाही. सुरुवात सोमवारी करावी. हार्वर्डचं संग्रहालय सोमवारी उघडं असतं, ऑल्बनीचं बंद. हा क्रम चुकला की एक अख्खा दिवस वाया. मराठी घरांतलं कुणी ना कुणी बोस्टनला किंवा न्यू जर्सीला असतंच, त्यामुळे दोन्ही टोकांना मुक्कामाचा प्रश्न सहसा येत नाही. मधल्या रात्री मोटेलात काढायच्या.

सामान थोडं, पण नेमकं घ्यावं. अर्ध्या मीटरपासून फोकस होणारी छोटी दुर्बीण मिळते, फुलपाखरं पाहणारे वापरतात ती. पक्ष्यांची नेहमीची दुर्बीण इथे कामाची नाही, कारण ती दोन-तीन मीटरच्या आतलं दाखवत नाही. कॅमेऱ्याला काचेवरची चकाकी कापणारा ध्रुवीकरण फिल्टर हवा, फ्लॅश बंद हवा. आणि शर्ट गडद रंगाचा. हे ऐकायला विचित्र वाटेल, पण पांढऱ्या शर्टाचं प्रतिबिंब कपाटाच्या काचेत पडतं आणि आतली काचेची पाकळी नेमकी त्याच्या मागे लपते.

पहिला दिवस, सोमवार: केंब्रिज

हार्वर्ड म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी, २६ ऑक्सफर्ड स्ट्रीट. मेट्रोच्या रेड लाइनवर हार्वर्ड स्थानकाला उतरून दहा मिनिटं चालायचं. दार नऊला उघडतं. शाळांच्या सहली यायच्या आधीचा तास सगळ्यात मोलाचा.

‘काचेची फुलं’ म्हणून ओळखला जाणारा हा संग्रह दोनच माणसांनी केला आहे: लिओपोल्ड ब्लाश्का आणि त्याचा मुलगा रुडॉल्फ. ड्रेस्डेनजवळच्या होस्टरविट्झमध्ये, घरातल्याच कार्यशाळेत, १८८६ ते १९३६ या पन्नास वर्षांत. सुमारे ४,३०० प्रतिकृती, ७८० वनस्पती. हार्वर्डच्या वनस्पती संग्रहालयाचे पहिले संचालक जॉर्ज लिंकन गुडेल यांची अडचण साधी होती. दाबून वाळवलेल्या रोपाचा रंग जातो आणि घडण सपाट होते. मेण आणि कागदाच्या लगद्याची त्या काळची मॉडेल्स त्यांना ओबडधोबड वाटत. विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात ब्लाश्कांनी केलेले काचेचे सागरी जीव त्यांनी पाहिले आणि १८८६ मध्ये थेट जर्मनी गाठली. लिओपोल्डला सागरी जीवांचा धंदा सोडायचा नव्हता. शेवटी नमुन्यादाखल थोडी फुलं पाठवायला तो तयार झाला. ती न्यूयॉर्कच्या जकात तपासणीत फुटली, पण तुकडे पाहूनच बोस्टनच्या धनाढ्य एलिझाबेथ वेअर आणि त्यांची मुलगी मेरी ली वेअर यांनी खर्च उचलायचं कबूल केलं. १८९० मध्ये दहा वर्षांचा करार झाला, वर्षाला ८,८०० मार्क, आणि काम फक्त हार्वर्डसाठी.

दालनात शिरल्यावर फुलांकडे धावू नये. आधी त्यांचं कामाचं टेबल शोधावं. बसकं लाकडी टेबल, ज्योतीला हवा देणारा पायानं चालवायचा भाता, चिमटे, काचेच्या कांड्या. गुप्त यंत्र वगैरे काही नाही. ज्योतीत काच मऊ करायची, चिमट्यानं ओढायची, चपटी करायची, वळवायची. लांब देठांत तार असते आणि तिच्यावर काच वितळवून चढवलेली असते. पाकळ्या, पुंकेसर, पानं वेगवेगळी करून काही ज्योतीत जोडलेली, काही थंड झाल्यावर सरसानं चिकटवलेली. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवावी. बुधवारी कॉर्निंगला ज्योतीसमोर बसलं की कळतं, सगळंच ज्योतीत का जोडता येत नाही.

संग्रह वर्षांच्या क्रमानं लावलेला नाही, तरी आधीचं आणि नंतरचं काम ओळखता येतं. सुरुवातीच्या मॉडेल्समध्ये बहुतेक काच बिनरंगी आहे आणि रंग वरून लावलेला आहे. १८९५ मध्ये लिओपोल्ड वारला. पुढे एकट्यानं काम करताना रुडॉल्फ रंगीत काच आणि काचेची बारीक रंगीत पूड वितळवून चढवण्याकडे वळला. पाकळीची कड पाहावी. रंग वरून लावला असेल तर तो काठाशी थांबल्यासारखा दिसतो, कुठे कुठे पापुद्राही सुटलेला असतो. काचेतच रंग असेल तर जाड भागात तो गडद आणि पातळ भागात फिका होत जातो, खऱ्या पाकळीत होतो तसाच. वरून रंगवलेली मॉडेल्स हेच संवर्धनाचं मुख्य दुखणं आहे. हवेतला ओलावा वरखाली झाला की सरस आणि रंगाचा थर आकसतो, फुगतो. काच हलत नाही. मग थर सुटतो. दुसरं दुखणं काचेचंच. त्या काळच्या काही काचांत क्षार जास्त आहेत. ओलाव्यानं ते पृष्ठभागावर येतात, पांढुरकी पूड धरते आणि काच धुरकट होते. म्हणून इथलं तापमान आणि आर्द्रता बांधून ठेवलेली असते. मे २०१६ मध्ये मोठ्या डागडुजीनंतर दालन पुन्हा उघडलं, तेव्हा जुनी लाकडी कपाटं ठेवून आतली दिवाबत्ती बदलली.

काय पाहावं? कमळ, आयरिस, निवडुंग यांच्यासमोर गर्दी असतेच. आमच्या मते कारागिरीची खरी परीक्षा गवतांत आहे. तृणकुळातली फुलं काही मिलिमीटरची असतात आणि परागकोश केसासारख्या तंतूंवर लोंबकळतात. हे तंतू काचेचे आहेत. त्यांच्याशेजारी त्याच फुलाचं कैकपट मोठं केलेलं मॉडेल आणि अंडाशयाचा छेद ठेवलेला असतो. बहुतेक लोक हे ‘मोठे’ तुकडे ओलांडून जातात, पण संग्रहातले तीन हजारांहून जास्त नमुने तेच आहेत. विद्यार्थ्यांना शिकवायला प्रत्यक्षात उपयोगी पडले तेही हेच. एका कपाटात काजूही आहे. कोकण-गोव्याच्या माणसाला त्यात एक गोष्ट लगेच तपासता येते: बोंड हे खरं फळ नाही, ते फुगलेलं देठ आहे, आणि खरं फळ खाली लटकलेली बी. देठाची शीर बोंडात कशी शिरते आणि बी कुठे चिकटते, तो सांधा पाहावा.

संग्रहातलं सगळ्यात धाडसी काम म्हणजे सडलेली फळं. १९२४ ते १९३२ या काळात, साठी-सत्तरीतल्या रुडॉल्फनं सफरचंद, नासपती, पीच, स्ट्रॉबेरी यांच्यावरचे बुरशीचे आणि इतर रोग काचेत केले. खपल्या धरलेलं साल, करड्या बुरशीनं वेढलेली स्ट्रॉबेरी, वळलेली पीचची पानं. निरोगी फळ गुळगुळीत असतं म्हणून ते काचेला सोपं. बुरशीचा लोकरी थर, सुरकुत्या आणि ओलसर डाग एकाच फळावर आणणं अवघड, कारण तिथे चकाकी मारावी लागते आणि काचेचा स्वभावच चकाकण्याचा.

यातलं काही इथवर पोहोचलं कसं, हेही जाणून घेण्यासारखं आहे. प्रत्येक मॉडेल जाड पुठ्ठ्यावर तारांनी बांधायचं, पुठ्ठा खोक्यात, खोकी पेंढा भरलेल्या मोठ्या पेटीत, पेटी गोणपाटात. पहिल्या फुटीनंतर गुडेल यांनी जकात तपासणी बंदराऐवजी हार्वर्डमध्येच व्हावी अशी व्यवस्था केली. पुढे १९७६ मध्ये काही मॉडेल्स न्यूयॉर्कच्या प्रदर्शनाला न्यायची होती. तेव्हा शववाहिका वापरल्या, कारण इतकी हळुवार स्प्रिंग असलेली गाडी दुसरी नव्हती.

दुपारनंतर डोळे थकतात. एकाच तिकिटात शेजारचं पीबडी संग्रहालयही आहे, पण आजच्या विषयाशी त्याचा संबंध नाही. त्यापेक्षा जेवून पुन्हा काचेच्या दालनात यावं आणि सकाळी राहिलेलं एकच कूळ निवांत पाहावं.

दुसरा दिवस, मंगळवार: ऑल्बनी

सकाळी सातला निघालं की पश्चिमेकडे जाणाऱ्या टोल रस्त्यानं तीन तासांत ऑल्बनी येतं, २७० किलोमीटर. न्यूयॉर्क स्टेट म्युझियम एम्पायर स्टेट प्लाझाच्या दक्षिण टोकाला आहे. प्रवेशाला तिकीट नाही, ऐच्छिक देणगीची पेटी आहे. एक सूचना: मेणाच्या अळंबीची मॉडेल्स कायम दालनात मांडलेली असतील असं धरून येऊ नये. ती प्रदर्शनांनुसार आत-बाहेर होतात. दोन-तीन आठवडे आधी संग्रह विभागाला लिहून विचारावं, काय पाहायचं आहे ते नेमकं सांगावं.

अळंबीसाठी हे शहर महत्त्वाचं ठरलं ते चार्ल्स हॉर्टन पेक यांच्यामुळे. १८६७ ते १९१५ ते राज्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि त्यांनी बुरशींच्या सुमारे २,७०० जातींचं वर्णन केलं. मेरी बॅनिंग यांची मेरीलँडमधल्या अळंबीची १७४ जलरंग चित्रं त्यांच्याकडे आली आणि पुढे नव्वदएक वर्षं इथल्या खणात पडून राहिली. चित्रं का, मॉडेल्स का, याचं उत्तर वाळवणीत आहे. ताज्या अळंबीत नव्वद टक्के पाणी असतं. चाळीस अंशांच्या उबेत वाळवली की तिचा सुकलेला तुकडा उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू तपासायला तो पुरेसा. पण टोपीचा रंग, चिकटपणा, वास, कापल्यावर निळं पडणं, सगळं गेलेलं असतं. आणि जंगलात गेलेला माणूस अळंबी ओळखतो ती याच खुणांवरून.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत फ्रेंच शिल्पकार हेन्री मार्शां यांनी इथे मेणाची अळंबी केली. पुढे ते आणि त्यांची मुलं बफेलोच्या विज्ञान संग्रहालयासाठी काम करू लागली. मेण निवडण्याचं कारण मॉडेलसमोर उभं राहताच कळतं. पातळ टोपीच्या कडेतून उजेड थोडा आत शिरतो आणि पसरून बाहेर येतो, मेणातही तसंच होतं. प्लास्टरवर कितीही चांगला रंग द्या, तो उजेड पृष्ठभागावरूनच परततो आणि अळंबी दगडी दिसते. लंडनचा निसर्गचित्रकार जेम्स सॉवरबी यानं अठराव्या शतकाच्या अखेरीपासून न भाजलेल्या मातीची अळंबी केली होती. शाडूच्या गणपतीसारखा तोच प्रश्न तिथेही: आकार उत्तम उतरतो, पण ओलं बोट लागलं की गेलं, आणि पातळ कड टिकत नाही.

मेणाच्या पद्धतीचे टप्पे साधारण असे. अळंबी सकाळी काढायची, मुळाशी हात घालून, बुंध्यासकट. फ्रीजमध्ये चार अंशांवर ठेवायची; बर्फाच्या कप्प्यात अजिबात नाही, कारण पेशींत बर्फ झाला की वितळताना अळंबी बसते. साच्याआधी नोंदी: टोपीचा व्यास, देठाची उंची आणि जाडी, कल्ल्यांची (टोपीखालच्या पातळ पात्यांची) संख्या, रंगपट्टीशेजारी ठेवून फोटो. एका टोपीचा बीजाणूठसा: टोपी कापून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर पालथी, वरून पेला, रात्रभर. मग देठ आणि टोपी वेगळी करून प्लास्टरचा दोन किंवा जास्त भागांचा साचा. मेण ओतण्याआधी साचा कोमट पाण्यात मुरवायचा आणि वरचं पाणी टिपून घ्यायचं. कोरड्या प्लास्टरला मेण चिकटतं आणि सोडवताना टोपीचं साल त्यालाच राहतं.

मधमाशीचं मेण ६२ ते ६५ अंशांना वितळतं. नुसतं तेच वापरलं तर उन्हाळ्यात मऊ पडतं, म्हणून त्यात राळ किंवा कार्नौबा हे झाडाचं कठीण मेण घालतात. राळ जास्त झाली की मेण ठिसूळ होतं आणि थंडीत देठाला आडवी चीर जाते. रंगाची पूड तेलात घोटून मेणातच मिसळायची, अंगचा फिका रंग तिथूनच येतो. वरून फक्त छटा. ओतताना ७० ते ७५ अंश. जास्त गरम असलं की आकसून मध्ये खळगा पडतो, थंड असलं की पृष्ठभागावर लाटांसारख्या रेषा उमटतात. पोकळ ओतकाम करायचं असेल तर साचा भरून थोडं थांबायचं आणि आतलं पातळ मेण ओतून काढायचं. तीन ते पाच मिलिमीटरची भिंत उरते. कल्ले साच्यातून क्वचितच नीट निघतात. ते मेणाच्या पातळ पत्र्यातून पाचरीच्या आकारात कापून एकेक बसवावे लागतात.

जुन्या मेणाला हात लावू नये, ते मोडेल म्हणूनच नव्हे. त्या काळच्या रंगांत शिसं, पारा आणि आर्सेनिकही असायचं.

मॉडेल शास्त्रीयदृष्ट्या खरं की नुसतं सुंदर, हे ठरवायला आम्ही एका ठरावीक क्रमानं पाहतो. आधी कल्ले देठाला कसे मिळतात: सुटे, चिकटलेले की देठावरून खाली उतरणारे. इथे चूक झाली तर कुळच बदलतं. मग पूर्ण कल्ल्यांच्या मध्ये आखूड कल्ले आहेत का. घाईत केलेल्या मॉडेलमध्ये सगळे कल्ले एकाच लांबीचे असतात. मग देठावरचं वलय, आणि शेवटी बुंधा. हा बुंधा सगळ्यात महत्त्वाचा. अमानिटा फॅलॉइडिस या प्राणघातक अळंबीच्या देठाखाली पिशवीसारखा पेला असतो, जमिनीत दडलेला. मॉडेल शेवाळाच्या सुंदर गादीवर रोवून तो पेला झाकला, तर जीव वाचवणारी खूणच झाकली. चांगल्या मांडणीत एक नमुना उभा आणि दुसरा उपटून आडवा ठेवलेला असतो. लाल टोपीवर पांढरे ठिपके असलेल्या अमानिटाचीही अशीच गोष्ट: ठिपके रंगाचे नसावेत. ते फाटलेल्या आवरणाचे तुकडे असतात, म्हणून वेगळे करून चिकटवलेले आणि टोपीपासून किंचित उचललेले हवेत.

आता संग्रहालयं सहसा सिलिकॉनचा साचा आणि रेझीन वापरतात. सिलिकॉन मऊ घ्यावं, रबराचा कडकपणा सांगणाऱ्या शोअर ए मोजपट्टीवर दहा-पंधराचं, नाहीतर कल्ल्यांच्या फटींतून ओढताना फाटतं. पहिला हात ब्रशनं पातळ द्यायचा, बुडबुडे तिथेच मरतात. प्लॅटिनमवर जमणारं सिलिकॉन गंधकाच्या संपर्कात जमतच नाही. आधाराला गंधकयुक्त मॉडेलिंग क्ले वापरली की नेमका कडेचा भाग चिकट राहतो आणि नमुना व साचा दोन्ही जातात. अल्जिनेट, म्हणजे दातांचे साचे घेतात ती पूड, तीन-चार मिनिटांत जमतं, ओल्या अळंबीला चालतं, पण त्यातून एकच ओतकाम मिळतं आणि तेही लगेच करावं लागतं, कारण तासाभरात ते सुकून आकसू लागतं. जाड टोपी भरीव पॉलियुरेथेननं ओतली तर आतल्या उष्णतेनं वाकते. पोकळ ओतावी, देठात दोन मिलिमीटरची तार द्यावी. आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक वार्निशची. चिकट टोपीला चकाकी हवी, मखमली टोपीला नको; एकाच डब्यातलं वार्निश सगळ्यांवर मारलं की अख्खं कपाट प्लास्टिकचं दिसतं.

पावसाळ्यात कोकणात वारुळाजवळ उगवणाऱ्या अळंबीचं असं मॉडेल कुणी केलं तर त्याला जमिनीवर जेवढी उंची तेवढीच किंवा जास्त खाली द्यावी लागेल, कारण तिचा मुळासारखा लांब भाग वाळवीच्या घरट्यातल्या बुरशीच्या बागेपर्यंत जातो. छत्री तोडून आणली की ओळखीचा अर्धा पुरावा जमिनीतच राहतो.

तिसरा दिवस, बुधवार: कॉर्निंग

बिंगहॅम्टनमार्गे साडेतीनशे किलोमीटर, थांबत गेलं तर साडेचार तास. कॉर्निंग म्युझियम ऑफ ग्लासचं तिकीट लागोपाठ दोन दिवस चालतं, म्हणून दुपारी पोहोचलं तरी नुकसान नाही. गाव काचेच्या कारखान्यावर उभं राहिलं. एडिसनच्या दिव्यांचे काचेचे फुगे इथलेच, १९१५ चं पायरेक्स, उष्णता सोसणारी काच, तेही इथलंच. संग्रहालय १९५१ चं. १९७२ च्या पुरात ते पाण्याखाली गेलं होतं. कॉर्नेल विद्यापीठानं १८८५ मध्ये घेतलेल्या ब्लाश्कांच्या सागरी जीवांतले काही नमुने इथे पाहायला मिळतात. हार्वर्डच्या फुलांआधीचा हात कसा होता ते त्यांत दिसतं.

वनस्पतींची मॉडेल्स इथे जवळजवळ नाहीत, तरी या प्रवासातला सगळ्यात शिकवणारा थांबा हाच. मोठ्या भट्टीच्या प्रात्यक्षिकाला गर्दी होते. आपण ज्योतीवरच्या कामाच्या प्रात्यक्षिकाला पुढच्या रांगेत बसावं. नेहमीची सोडा-चुन्याची काच ७०० अंशांच्या आसपास मऊ पडते. तापल्यावर ती उष्णता सोसणाऱ्या बोरोसिलिकेट काचेच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. म्हणून दोन वेगळ्या जातींच्या काचा ज्योतीत जोडल्या तर जोड त्या क्षणी सुंदर दिसतो आणि थंड होताना तडकतो, कधी दुसऱ्या दिवशी. रंगीत काचा वेगवेगळ्या कारखान्यांतून मागवणाऱ्या कारागिराला हे सतत भेडसावतं. शिशाची काच धुरकट, हवा कमी असलेल्या ज्योतीत धरली की काळी पडते. आणि पातळ पाकळी चटकन सगळीकडे सारखी थंड होते, पण पाकळी जाड देठाला जिथे मिळते तिथे एक बाजू गार आणि दुसरी गरम राहते. ताण त्या सांध्यात अडकतो. तो काढायला पाचशेच्या वरच्या तापमानातून हळूहळू उतरवावं लागतं. शेकडो सांधे असलेलं फुलोऱ्याचं डहाळं ज्योतीवर अखंड करू गेलं, तर शेवटचा सांधा तापवताना पहिला फुटणार. सोमवारी पाहिलेला सरस इथे समजतो.

चौथा दिवस, गुरुवार: कॉर्निंग, मग न्यूयॉर्क

सकाळ रॅको संशोधन ग्रंथालयात. ब्लाश्कांची रेखाटनं इथे आहेत. मूळ कागद पाहायचे तर आधी वेळ घ्यावी, एरवी डिजिटल प्रती पुरतात. रेखाटनांवर मापं आणि रंगांच्या नोंदी आहेत. रुडॉल्फ १८९२ मध्ये जमैका आणि अमेरिकेत हिंडला तो अशाच नोंदींसाठी, कारण जर्मनीत न वाढणारी झाडं ताजी पाहिल्याशिवाय करता येत नव्हती.

ज्यांना हात चालवून पाहायचा आहे त्यांनी संग्रहालयाच्या कार्यशाळेत फुलाचं सत्र घ्यावं. मिळणारी वस्तू थंड व्हायला रात्रभर ठेवतात, म्हणून हे सत्र बुधवारी संध्याकाळीच उरकलं तर ती गुरुवारी बरोबर नेता येते. बाराला निघून न्यूयॉर्क चारशे किलोमीटर. शहरात गाडी घेऊन जाऊ नये. न्यू जर्सीत ठेवून लोकलनं जावं.

पाचवा दिवस, शुक्रवार: न्यूयॉर्क

अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी. सबवेच्या बी किंवा सी गाडीनं ८१ व्या रस्त्याच्या स्थानकावर उतरायचं, दार दहाला उघडतं. लोक इथे डायनासोर आणि देवमाशासाठी येतात. आपण प्राण्यांच्या देखाव्यांत प्राणी सोडून बाकी सगळं पाहायचं.

१८८० च्या दशकात या संग्रहालयानं पक्ष्यांच्या देखाव्यांसाठी लंडनच्या मिंटर्न भावंडांना बोलावलं. त्यांच्या पद्धतीत पानाचा दोन्ही बाजूंचा प्लास्टर साचा घेऊन त्यात सुती कापडाचा आधार दिलेलं मेण दाबत. कापडामुळे कड पातळ ठेवूनही पान तुटत नाही. पुढे सेल्युलॉइड, ॲसिटेट आलं आणि आता प्लास्टिकचा पातळ पत्रा तापवून निर्वातानं साच्यावर ओढून बसवतात. शिरा, दाते, सुरकुती सगळं एका ओढीत उतरतं. मग कात्रीनं कड, मागे तारेची मधली शीर, एअरब्रशनं रंग: वरची बाजू गडद, खालची फिकी.

दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरचं आफ्रिकी सस्तन प्राण्यांचं अकली दालन १९३६ चं. गोरिलाच्या देखाव्यातलं झाडोऱ्याचं काम पाहायला पंधरा मिनिटं तरी द्यावीत. मोहिमेवरच्या कलाकारांनी जागेवर रंगांच्या नोंदी, पानांचे साचे आणि रसायनात बुडवलेले नमुने घेतले, म्हणून कुठलं झुडूप कुठलं ते नावानिशी सांगता येतं. इथे एक खेळ करून पाहावा: एकाच झाडावरची तंतोतंत सारखी दोन पानं शोधायची. चांगल्या कामात एका जातीसाठी कोवळं, पूर्ण, जून, कुरतडलेलं असे पाच-सहा साचे असतात आणि प्रत्येक पान थोडं वेगळं वाकवलेलं. स्वस्तातल्या कामात एकच साचा असतो आणि डोळ्याला ते आधी कळतं, कारण नंतर. खरं पान ग्लिसरिनमध्ये मुरवून वापरायचा मार्गही आहे. पान लवचीक राहतं, पण हिरवा रंग जातो, वरून रंगवावंच लागतं आणि दमट हवेत ते ओल धरतं. जुन्या देखाव्यांतली काही झाडं पिवळट दिसतात ती दिव्यांमुळे. अतिनील किरणांनी रंग उडतो, दिव्याच्या उष्णतेनं मेणाची टोकं खाली झुकतात.

पहिल्या मजल्यावर जैवविविधता दालनात मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या झांगा-सांगा जंगलाचा देखावा आहे, १९९८ चा, सुमारे सत्तावीस मीटर लांब. संग्रहालयाच्या सांगण्यानुसार त्यात पाच लाखांवर पानं आहेत. समोर काच नाही, म्हणून दुर्बीण इथे सगळ्यात चांगली चालते. पण उघड्यावर असल्यामुळे धूळही बसते. पानांच्या वरच्या बाजूला ती दिसेल.

शेजारच्या उत्तर अमेरिकी वनांच्या दालनात जमिनीच्या तुकड्याचा एक देखावा २४ पट मोठा केलेला आहे: पालापाचोळा, ओकचं फळ, गांडूळ, पैसा किडा, सगळं हाताएवढं किंवा त्याहून मोठं. मूळ पानावर न दिसणारी लव २४ पटीत दिसायलाच हवी, म्हणजे ती वेगळी बनवून लावावी लागते. हार्वर्डच्या मोठ्या केलेल्या फुलांपुढेही हाच पेच होता. इथे साच्याचा उपयोग नसतो, सगळं मोजून आणि गुणून घडवावं लागतं. हा देखावा खालच्या उंचीवर आहे आणि मुलं त्याला चिकटून उभी असतात. दुपारी चारनंतर जावं. संग्रहालय साडेपाचला बंद होतं.